सुनिल्दाबाईंचा अंगठा

आमच्या गावात कुणाची बायको घर सोडून गेली तर लोक आठवडाभर बोलतात आणि विसरतात. पण एखादीने आपल्या कासेराला सोडून दुसऱ्याकडून टोमॅटो घेतले, तर ते दहा वर्षं लक्षात ठेवतात. आज मी हे हसत लिहितेय, पण त्या जानेवारीत माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

कासेरा म्हणजे बाजारात जिच्याकडून आपण नेहमी घेतो ती. ती पण आपल्याला कासेराच म्हणते. विकणारी कासेरा, घेणारीही कासेरा, आणि गिऱ्हाईक पुरुष असला तर कासेरो. कोण कुणाचं मिंधं, हे त्या शब्दावरून कळत नाही. बावीस वर्षं माझी कासेरा एकच, सुनिल्दाबाई. बुधवारी आणि शनिवारी कालव्याकाठच्या रस्त्यावर बाजार भरतो, त्यात पुलाला लागून, मोठ्या झाडाच्या सावलीत त्यांचा गाळा. चार बांबू, वर निळी ताडपत्री, खाली लाकडी खोकी. बाई बुटक्या, जाड, केसांचा घट्ट अंबाडा आणि जीभ सुरीपेक्षा धारदार.

त्यांच्याकडे गेलं की त्या 'किती किलो' असं विचारायच्या नाहीत. विचारायच्या, "कधी खाणार?"

आणि हे नीट सांगावं लागायचं. उद्या म्हटलं तर, "उद्या सकाळी की उद्या दुपारी?" रविवार म्हटलं तर, "चर्चला जायच्या आधी की आल्यावर?" मग त्यांचा उजवा अंगठा ढिगावरून फिरायला लागायचा. खरबुजाच्या बुडाला जरासा टेकायचा, अ‍ॅव्होकाडोच्या देठापाशी थांबायचा, पीचच्या खांद्यावरून घसरायचा. दाबल्याचं दिसायचंसुद्धा नाही. पिशवीत सर्वांत वर आजचं, मध्ये उद्याचं, तळाला सोमवारचं. मी शपथेवर सांगते, बावीस वर्षांत सोमवारचं फळ सोमवारी पिकलं नाही असं झालं नाही. एकदा न सांगता माझा दीर टपकला म्हणून मी सोमवारचं खरबूज रविवारी संध्याकाळी कापलं. ते काकडीसारखं निघालं. बुधवारी मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "रविवारी कापलंस ना? तुझ्या चेहऱ्यावर लिहिलंय."

त्यांच्या मालाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. नव्या गिऱ्हाइकाने पीच दाबून पाहिला की बाई म्हणायच्या, "हात काढा, कासेरो. त्याचं लग्न ठरलंय."

मी मूळची उत्तरेकडच्या वाळवंटातल्या खाणवस्तीची. तिथे पीच डब्यातून यायचा आणि टोमॅटो ट्रकमधून चार दिवस हिंदकळत. लग्न होऊन ओस्वाल्दोच्या मागे या खोऱ्यात आले तेव्हा मला शिवण यायचं, भांडण यायचं, पण फळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच शनिवारी मी सुनिल्दाबाईंच्या गाळ्यासमोर बावळटासारखी उभी राहिले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, एक चुण्याचुण्यांचा लालभडक टोमॅटो उचलला, हातानेच फोडला, एप्रनच्या खिशातून मिठाची चिमूट काढून त्यावर टाकली आणि म्हणाल्या, "खा. मग बोल." मी तिथेच उभ्याने खाल्ला. रस कोपरापर्यंत ओघळला. इतकी वर्षं मी ज्याला टोमॅटो म्हणत होते तो टोमॅटो नव्हताच, हे मला तेव्हा कळलं आणि उगाचच रडू आलं. बाई म्हणाल्या, "कांदा चिरलेला नाही, तरी रडतेस?" त्या दिवसापासून मी त्यांची कासेरा.

हा अंगठा त्यांना आठव्या वर्षी मिळाला. त्यांचे वडील इथल्याच एका जमीनदाराच्या मळ्यावर राबायचे, आणि टोमॅटोच्या दिवसांत त्यांना आणि त्यांच्या बहिणींना खोक्यावर उभं करून माल निवडायला लावायचे. समोर तीन टोपल्या. दूरच्या राजधानीला जाणारा माल, जवळच्या बंदराला जाणारा माल, आणि मालकाच्या घरी आज दुपारी ताटात पडणारा माल. चूक झाली तर मुकादम वडिलांना बोलायचा, पोरींना नाही. सुनिल्दाबाई मला म्हणाल्या होत्या, "मला मारलं असतं तर मी शिकले नसते. बापाला खाली मान घालून उभं राहिलेलं बघवत नव्हतं, म्हणून शिकले." पुढे मळा मोडला, लग्न झालं, नवऱ्याने माल वाहायला जुनी गाडी घेतली आणि बाईंनी बाजारात जमिनीवर घोंगडी अंथरून पहिला ढीग लावला. नवरा लवकर गेला. दोन्ही मुली त्याच ढिगावर शिकल्या. एक परिचारिका झाली, दुसरी दक्षिणेत शाळेवर आहे. दोघी आईला बोलावून दमल्या. बाई म्हणतात, तिकडची फळं मला ओळखत नाहीत.

तर अशा बाईला मी दगा दिला.

आमच्याकडे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, आणि त्या शनिवारी ऊन रणरणत होतं. बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला ब्राउलिओ नावाचा एक तरणाबांड कलिंगडवाला बसतो. मी फक्त दोरे घ्यायला तिकडे गेले होते. त्याने कलिंगडात सुरी खुपसली, त्रिकोणी तुकडा काढला आणि सुरीच्या टोकावर माझ्या नाकासमोर धरला. लाल, गार, वर काळ्या बिया. "तोंड उघडा, ताई. आवडलं नाही तर तुमच्या चपलेने मला मारा." घशाला कोरड पडली होती. मी खाल्लं, आणि खाल्ल्यावर न घेण्याएवढी मी निर्लज्ज नाही. घेतलं.

घेतल्यावर आठवलं की बाजारातून बाहेर पडायला एकच वाट आहे, पुलावरून, म्हणजे सुनिल्दाबाईंच्या समोरून. माझ्या चाकाच्या पिशवीत एका नवरदेवाची पँट होती, कंबर सैल करायला दिलेली. ती मी कलिंगडावर पांघरली आणि आभाळाकडे बघत चालायला लागले.

"काय गं, कासेरा," बाईंनी हाक मारली, "काय नेतेस?"

"शिवायचं कापड."

बाईंनी चाकांकडे पाहिलं. चाकं कुरकुरत होती. "जड दिसतंय कापड," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

घरी आम्ही ते कलिंगड भाजलेल्या गव्हाचं पीठ भुरभुरून खाल्लं. चांगलं गोड होतं, खोटं कशाला बोलू? पण घरातले पडदे बदलले तरी ज्याला पत्ता लागत नाही तो माझा नवरा पहिल्या घासालाच म्हणाला, "हे सुनिल्दाबाईंचं नाही."

बुधवारी मी गाळ्यावर गेले. टोमॅटो, कणसं आणि शनिवारसाठी एक खरबूज मागितलं. बाई पैशांच्या डब्याशी काहीतरी करत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तूच निवड."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालात?"

"हात आहेत ना? तूच निवड."

आमच्या बाजारात यापेक्षा मोठी शिक्षा नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट दिल्या असत्या, भांडण मिटलं असतं. पण 'तूच निवड' म्हणजे आजपासून तू रस्त्यावरची कुणीही. मी दिसेल ते पिशवीत टाकलं आणि मान खाली घालून निघाले. खरबूज कच्चं निघालं. पीच आतून पिंजलेल्या कापसासारखे. कणसं इतकी निबर की ती वाटून उमीता करायला बसले तर दाण्यातून दूधच निघेना. तुळशीच्या जातीचा आमचा तो सुवासिक पाला घातला, कांदा परतून घातला, सालींच्या पुड्या बांधून उकडल्या, आणि ओस्वाल्दोने एक पुडी सोडून विचारलं, "यात वाळू आहे का?"

शनिवारी पुन्हा तेच. "तूच निवड." पुढच्या बुधवारी पण. मला रात्रंदिवस एकच घोर. बावीस वर्षं ज्या बाईने माझ्या घरात उन्हाळा आणून दिला, ती एका कलिंगडापायी दुरावली. या परक्या गावात पहिल्यांदा मला कुणी काही खाऊ घातलं असेल तर तिने. सासूनेसुद्धा नंतर घातलं. मी शिवणाच्या मशीनवर बसून स्वतःवरच खेकसत होते आणि एका बाईच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या उजव्याच लावून बसले.

शेवटी मी दोन खोल खिशांचा एक एप्रन शिवला, जाड कापडाचा, दुहेरी शिलाईचा, आणि शनिवारी दुपारी दोनला बाजार उठताना गेले. बाई ताडपत्री सोडत होत्या. मी एप्रन खोक्यावर ठेवला आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. दोरे, ऊन, सुरीचं टोक, नवरदेवाची पँट. "माझं चुकलं, कासेरा. काय शिक्षा द्यायची ती द्या, पण निवडून द्या."

बाईंचे खांदे हलायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, त्या खोक्यावर बसल्या, डोळे पुसले.

"तू सातवी," त्या म्हणाल्या.

"कसली सातवी?"

"पाप कबूल करणारी. फ्रेसिया येऊन सांगून गेली की ती सुपरमार्केटातली पिशवीबंद कोथिंबीर घेते. एवारिस्तोकाकांनी बहिणीच्या गावाहून चेरी आणल्या होत्या, दोन महिने त्यांच्या मनाला खात होतं. पाद्रीबाबांच्या स्वयंपाकीणबाईने मी करून दिलेल्या उमीता स्वतःच्या म्हणून बिशपला वाढल्या. मला यातलं काहीएक माहीत नव्हतं गं. आता माझ्याकडे चर्चपेक्षा जास्त पापं जमलीत."

"म्हणजे तुम्ही सगळ्यांनाच...?"

"सगळ्यांनाच. आणि जो तो समजतोय की मी त्याच्यावरच रुसलेय." त्यांनी हसू आवरलं. "तुझं कलिंगड मला दिसलं होतं. तेवढ्यावरून रुसायला मी काय तुझी सून आहे?"

मग त्यांनी एक अ‍ॅव्होकाडो उचलला आणि त्यावर अंगठा ठेवला. अंगठा नखापर्यंत आत गेला. सालीतून हिरवा गर वर आला. बाईंचा चेहरा मात्र जराही हलला नाही. त्यांना कळलंच नव्हतं.

"बघ," त्या म्हणाल्या. "नोव्हेंबरपासून आधी मुंग्या यायच्या. आता अंगठा आणि दोन बोटं मेलीत. दवाखान्यात म्हणाले, मनगटात शीर दाबली गेलीय, कापून मोकळी करता येईल. नाव यादीत घातलंय. दीड-दोन वर्षांनी नंबर लागेल. लागल्यावरसुद्धा पहिल्यासारखं होईल असं कुणी सांगत नाही."

मी मूर्खासारखं विचारलं, "आणि डावा हात?"

"डाव्याने इतकी वर्षं नुसते पैसे घेतलेत. त्याला फळातलं काही कळत नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नववर्षाच्या जेवणासाठी एवारिस्तोकाकांनी खरबूज मागितलं होतं. घरी लेक-जावई, नातवंडं येणार. बाईंनी अंदाजाने निवडून दिलं. ते कच्चं निघालं. काका भला माणूस, एका शब्दाने बोलले नाहीत, पण शेजारणीकडून बाईंच्या कानावर आलं. "त्या दिवशी मी ठरवलं, आता अंदाजाने कुणाला द्यायचं नाही. मला कळतंय असं भासवून फळ देणं म्हणजे तोंडावर खोटं बोलणं आहे. त्यापेक्षा म्हणावं, तूच निवड."

"मग हे सांगायचं ना लोकांना."

"काय सांगू? टोमॅटो सगळ्यांकडे सारखेच आहेत, कासेरा. एकाच मळ्यातून येतात. लोक माझ्याकडे टोमॅटोसाठी येत नव्हते." त्यांनी हात मांडीवर पालथा ठेवला. "फेब्रुवारी संपला की गाळा ब्राउलिओला देते. त्याने दोनदा विचारलंय. सावलीची जागा आहे. मी मुलीकडे जाईन."

मला राग आला. मला दुःख झालं की आधी रागच येतो, हे ओस्वाल्दोला विचारा. मी म्हटलं, "त्या ब्राउलिओला? जो कापल्याशिवाय सांगू शकत नाही त्याला? त्रिकोण कापून दाखवणं तर मलाही जमेल."

"तुझ्या हातात सुरी नको बाई."

"अंगठा मेलाय. जीभ तर मेली नाही ना? दिसतंय ना अजून? वास येतो ना? मग मला सांगा, मी दाबते."

"तू?" बाईंनी नाक मुरडलं. "तू अर्धवट पिकलेला पीच चेंडूसारखा फेकशील."

"लग्नाआधीपासून मी कापड हाताळतेय. अस्तर कुठे सरकतंय ते मला डोळे मिटून कळतं."

मग त्यांनी एक खरबूज माझ्यासमोर ठेवलं, माझा हात धरला आणि माझा अंगठा खरबुजाच्या बुडावर ठेवला. "देठाकडे नाही, सगळे तिथेच दाबतात. इथे, फूल होतं तिथे. जोर नको. तुला फक्त विचारायचंय, उत्तर ते देईल."

"काही देत नाही उत्तर."

"म्हणजे मंगळवारचं आहे. हे घे."

दुसरं. तिसरं. चौथ्याला माझ्या अंगठ्याखाली किंचित काहीतरी हललं, जाड कापडाखाली पातळ अस्तर हलावं तसं. मी वर पाहिलं. बाईंनी खरबूज नाकाशी नेलं, वास घेतला. "आज संध्याकाळी," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या म्हणाल्या की धूळ उडतेय.

त्या दुपारी बाजार झाडून झाला, नगरपालिकेची गाडी रस्ता धुवून गेली, तरी आम्ही खोक्यांवर बसून होतो. कणसाची साल सोलायची नाही, सालीवरूनच शेवटपर्यंत दाणे मोजत जायचं. कलिंगडाचं पोट जमिनीवर पिवळं पडलेलं हवं, पांढरं नको. टोमॅटोच्या खांद्याला हिरवी छटा असली तर घाबरायचं नाही, त्याच गावठी जातीला खरी चव असते. यातलं निम्मं मी बावीस वर्षं रोज समोर बघत होते आणि मला कधी दिसलं नव्हतं. निघताना बाईंनी बजावलं, "कुणाला बोललीस तर बघ." आठवडाभर मी गप्प बसले. ओस्वाल्दोला वाटलं मला ताप आलाय.

पुढच्या बुधवारी मी शिवणाचं काम बाजूला ठेवून सकाळभर गाळ्यावर उभी राहिले. बाई गिऱ्हाइकाशी बोलायच्या, मी मागून पिशवीत घालत असल्याचं दाखवत दाबून पाहायचे आणि भुवयांनी सांगायचे. नाटक बरं चाललं होतं. पण शनिवारी गर्दी उसळली आणि रांगेत सर्वांत पुढे फ्रेसिया. ती टपाल कचेरीत आहे, उंच, मोठ्या आवाजाची आणि जरा रडवी. तिने हातातला केक खोक्यावर ठेवला.

"सुनिल्दाबाई, आता मी काय गुडघे टेकू का? तीन आठवडे झाले. कोथिंबीरच घेतली होती हो. एवढी-एवढीशी पिशवी. त्याबद्दल मी तुमची माफीसुद्धा मागितली. माझ्या आईची तब्येत बरी नाही, ती तुमच्या हातचा पीच मागतेय, आणि तुम्ही म्हणता तूच निवड."

मागे सगळे कान टवकारून उभे. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी एप्रनला हात पुसले, मी शिवलेल्या नव्या एप्रनला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी कुणावरही रुसलेले नाही. माझा अंगठा गेलाय. मला आता कळत नाही."

शेजारच्या मासेवाल्याने पण ओरडणं थांबवलं.

रांगेतून एवारिस्तोकाकांनी मान पुढे काढली. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, कधी कुणाला दुखावणार नाही. "म्हणजे," ते हळूच म्हणाले, "नववर्षाचं ते खरबूज..."

"कच्चं होतं, कासेरो. माझी चूक."

काकांनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं बाई. मला वाटलं म्हातारपणी माझ्या जिभेची चव गेली. मी डॉक्टरकडे जाऊन आलो." लोक हसले. काका रांग सोडून पुढे आले, बाही वर सारली आणि आपला अंगठा बाईंसमोर धरला. "हा घ्या. कुठे दाबू?"

बाईंचा आवाज चढला, अगदी पूर्वीसारखा. "आधी हात धुवा. त्या हाताने पेपर वाचलात ना? शाई लागलीय. माझ्या पीचला शाई लावाल."

त्या दिवशी बाजार तीनपर्यंत उठला नाही. एकेकाला बाई दाबायला लावत होत्या, चुकलं की टोमणे मारत होत्या. फ्रेसियाने पहिला पीच असा दाबला की त्याचा लगदा झाला. बाई म्हणाल्या, "हा आता तुझा. खा." फ्रेसिया रडत रडत खात होती आणि म्हणत होती की गोड आहे. आईसाठी तिने सहाव्या प्रयत्नात एक बरोबर काढला. बाईंनी नाकाशी धरून वास घेतला आणि पहिल्यांदा तिला म्हणाल्या, "हा." दुसरं काही नाही, फक्त 'हा', पण फ्रेसिया पदक मिळाल्यासारखी निघून गेली. दुपारी शेवटी ब्राउलिओ आला, खिशात हात घालून, कान लाल. त्याला पण शिकायचं होतं. बाईंनी त्याला दूर उभं केलं. "तुझी सुरी आधी तिकडे ठेव."

फेब्रुवारीतल्या बुधवारी आणि शनिवारी आमच्या गाळ्याची रांग पुलाच्या मध्यापर्यंत जायची. 'आमच्या' म्हणते, कारण मी कायमची तिथेच. खरं सांगायचं तर माल पूर्वीपेक्षा जास्त खपत नव्हता, फक्त वेळ जास्त लागत होता. पण एकही जण वैतागून दुसरीकडे गेला नाही. ज्यांनी आयुष्यभर बाईंच्या हातचं आयतं खाल्लं होतं, ते आता आपल्या हाताने निवडून घरी जाऊन फुशारक्या मारत होते. त्यांच्यात मी पण होते. मी घरी खरबूज कापायचे आणि ओस्वाल्दो खाली मान घालून खायचा, तिसऱ्या फोडीपर्यंत एक शब्द नाही. यापेक्षा मोठी शाबासकी तो देत नाही. त्या उन्हाळ्यात रोज जेवताना मला मनापासून वाटायचं की आपलं नशीब थोर.

तरी बाई गाळा सोडण्याबद्दल काही बोलल्या नव्हत्या, आणि मी विचारायला घाबरत होते.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी, गर्दी असतानाच त्या मला म्हणाल्या, "आज खरबूज तू एकटी निवड. मी वास घेणार नाही, बोलणार पण नाही." मी तो सगळा ढीग पालथा घातला. रांग माझ्याकडे बघत होती. एकाच्या बुडाशी हवं तसं हललं, पण वजन हलकं. एकाचं वजन छान, पण वास मुका. शेवटी ढिगाच्या मागच्या बाजूला एक सापडलं. हातात घेतलं आणि मला कळलं. मी पैसे डब्यात टाकले आणि खरबूज त्यांच्या हातात दिलं.

"हे कुणासाठी बांधू?" बाईंनी विचारलं.

"तुमच्यासाठी."

"चेष्टा करू नकोस. मी घरी डागाळलेलं नेते, जे विकत नाही ते. चांगलं विकायचं असतं."

"आज नाही."

बाई ते दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. मग हळू आवाजात, जणू स्वतःशीच, म्हणाल्या, "आठव्या वर्षापासून दुसऱ्यांसाठी निवडतेय. माझ्यासाठी कधी कुणी निवडलं नव्हतं गं."

मला वाटलं त्या ते पिशवीत ठेवतील. त्यांनी खोक्यावरची सुरी घेतली, तिथेच ते उभं कापलं, बिया काढल्या, आणि पहिली फोड कुणालाही न देता स्वतः खायला लागल्या. हनुवटीवरून रस गळत होता. त्या सावकाश खात होत्या. पुलाच्या मध्यापर्यंत रांग उभी होती आणि एकानेही घाई केली नाही.

सालीपर्यंत खाऊन झाल्यावर त्यांनी एप्रनने तोंड पुसलं आणि रांगेत पहिल्या उभ्या असलेल्या एवारिस्तोकाकांकडे वळल्या.

"मार्चमध्ये द्राक्षं येतात," त्या म्हणाल्या. "त्यातलं तुम्हाला कुणालाच काही कळत नाही. बुधवारी जरा लवकर या."